मोठ्या बाई आणि अख्खी पाचवी

मोठ्या बाईंना गाता येत नव्हतं. तसं पुष्कळांना येत नाही, पण असे लोक परिपाठाच्या वेळी मागे उभे राहून नुसते ओठ हलवतात. मोठ्या बाई सगळ्यांच्या पुढे उभ्या राहायच्या आणि सगळ्यांच्या वर आवाज काढायच्या. प्रार्थनेची दुसरी ओळ त्या कुठल्या तरी भलत्याच उंचीवर नेऊन सोडत, आणि तिसरी ओळ तिथून उतरताना पाय घसरल्यासारखी खाली आदळायची. मी त्या शाळेवर रुजू झालो त्या दिवशी मला हसू आवरेना. पण आजूबाजूला पाहिलं तर पहिलीपासून सातवीपर्यंतची पोरं अगदी गंभीर चेहऱ्यानं तशीच गात होती, त्याच जागी घसरत होती. पुढे तालुक्याच्या स्पर्धेत आमच्या पोरींनी समूहगीत म्हटलं, तेव्हा परीक्षक मला हळूच म्हणाले, "चाल जरा वेगळी बसवलीय." मी म्हणालो, "हो, आमच्या शाळेची आहे."

त्यांचं नाव सुनंदा सोनकांबळे, पण गावात ते कुणी घेत नसे. जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापिका म्हणजे मोठ्या बाई, बाकीच्या नुसत्या बाई. अंगानं ठेंगण्या, रंगानं सावळ्या, आणि चालणं असं की बरोबरच्या माणसाला अर्धवट पळावं लागे. खांद्याला काळी पर्स. तिचा बंद कधीतरी तुटला होता, त्याला गाठ मारलेली होती. ती सुटली की बोलता बोलता पुन्हा मारायच्या. मूळच्या मुखेडकडच्या. मिस्टर नांदेडला वीज कंपनीत. बाईंनी उदगीरला एक खोली केली होती. शनिवारची सकाळची शाळा सुटली की नांदेडची एसटी धरायच्या आणि सोमवारी पहाटेच्या गाडीनं परत यायच्या. कागदपत्रांत अगदीच कच्च्या. वरून काही ऑनलाइन माहिती मागवली की फोन माझ्या हातात देऊन म्हणायच्या, "शिंदे सर, ह्यात काय म्हणून राहिले बगा बरं. मला तर निस्तं गोल फिरताना दिसतंय."

गावाचं नाव मी लिहीत नाही. तिथली माणसं अजून मला प्रेमानं फोन करतात, नाव लिहिलं तर भांडायला करतील. उदगीरहून देगलूरकडे जाताना एका फाट्यावर उतरून आत चालत जावं लागतं, एवढं सांगतो. गावात मधोमध जमीनजुमल्याची मराठ्यांची आणि लिंगायतांची घरं. लिंगायतांच्या घरात कानडी. मशिदीमागं मुसलमानांची गल्ली. ओढ्याच्या अलीकडं भीमनगर. खाणीजवळ वडारांची वस्ती, तिथं तेलुगू. आणि ओढा ओलांडला की बंजाऱ्यांचा तांडा. या सगळ्यांची पोरं आमच्या शाळेत यायची. म्हणजे, त्यांची नावं पटावर होती. मोठ्या बाई येण्याआधी रोज वर्गात कोण असे, तर मधल्या आळीतली पोरं आणि ज्यांना त्या दिवशी घरी काही काम नाही ती पोरं.

मोठ्या बाईंनी काय केलं, तर त्या शाळेत यायच्या आधी गावातून चालू लागल्या. फाट्यावर जीपमधून उतरलं की आम्ही बाकीचे मास्तर सरळ शाळेकडं, आणि बाई उलट्या बाजूनं. भीमनगर, मशिदीमागची गल्ली, वडारवस्ती, तांडा, असा वळसा. वाटेवर काही गरीब कानडी घरं होती, तिथल्या बायकांना त्या एकच वाक्य म्हणायच्या, "ऊटा आयता?" म्हणजे जेवण झालं का. सकाळी आठ वाजता कुणाचं जेवण होतंय! बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. मी एकदा म्हणालो, "बाई, दुसरं एखादं वाक्य शिका की." तर म्हणाल्या, "कामून? हसली म्हंजे बाई दार उघडती. दार उघडलं की पोरगं दिसतं आत काय करलालंय ते." शाळेपर्यंत पोचेस्तोवर त्यांच्या मागं पोरांची शेपटी तयार झालेली असे. कुणी अर्धवट केस विंचरलेलं, कुणाच्या हातात भाकरी, कुणाची बटणं बाईच चालता चालता लावताहेत.

एकदा शाळेची गुणवत्ता तपासायला एक साहेब आले. नुकतेच बदलून आले होते, पुण्याकडचे असावेत. पहिलीच्या वर्गात त्यांनी मांजराचं चित्र वर धरलं आणि एकेकाला विचारलं, हे काय? एक पोरगी म्हणाली, "बेक्कु." दुसरा म्हणाला, "बिल्ली." साहेबांनी दोघांपुढं फुली मारली. तिसरा वडाराचा पोरगा. तो म्हणाला, "पिल्ली." साहेबांना ऐकू आलं पिल्लू. त्यांनी मान हलवली आणि त्याला अर्धा गुण दिला.

बाई शेजारी उभ्या होत्या. म्हणाल्या, "साहेब, त्याला पुरा द्या न्हाईतर त्याचाबी काढा. त्यानं मांजरच म्हटलंय, तेलुगूत."

साहेब म्हणाले, "पण बाई, ही मराठी माध्यमाची शाळा आहे ना?"

"हाव. म्हणूनच त्यांना शिकवायचंय. पण तुम्ही म्हणून राहिले, पोरांना मांजर वळखू येत न्हाई. एका मांजराची तीन नावं सांगितली की वर्गानं. तुम्हाला किती येतात?"

साहेब चांगले होते म्हणायचे. हसले. दिवाळीनंतर पुन्हा आले तेव्हा त्यांनीच बाईंना विचारलं, "ऊटा आयता?"

हुशार हा शब्द त्यांना आवडत नसे. एखाद्या शिक्षकानं वर्गाची ओळख करून देताना "ही चार हुशार आहेत, बाकी यथातथाच" असं म्हटलं की बाई विचारायच्या, "त्या चौघांची माय दुपारी कुठं असती?" शिक्षक गोंधळून जायचा. मग त्या सांगायच्या, "घरी असती. बाकीच्यांची माय कुणाच्या तरी रानात असती. जा, बगून या." आणि खरंच बघून यायला लावायच्या. मी स्वतः गेलो होतो. खोटं निघालं असतं तर बरं वाटलं असतं मला.

आता मुख्य गोष्ट सांगतो. लातूर जिल्ह्यात परीक्षेचं काय वेड आहे ते मी सांगायला नको. इथं पोरगं चालायला लागलं की लोक विचारतात, पुढं कुठला क्लास. पाचवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेत आमची शाळा बरीच वर्षं शंभर टक्के निकाल देत आली होती. निकाल लागला की फाट्यावर मोठा फ्लेक्स लागे. पास झालेल्या पोरांचे गोल फोटो, वर शाळा समितीचे अध्यक्ष माधवराव पाटलांचा त्याहून मोठा फोटो, आणि खाली "शंभर टक्के निकालाची उज्ज्वल परंपरा". फोटो दर वर्षी सात-आठ असत. पाचवीत पोरं असायची तिसाच्या पुढं.

मोठ्या बाईंचं ते शाळेतलं दुसरं वर्ष. परीक्षेचे अर्ज भरायची वेळ आली तेव्हा त्यांनी स्टाफच्या मीटिंगमध्ये सहज सांगितलं, "औंदा पाचवीची सगळी पोरं बसतील."

आम्ही समजलो त्या मस्करी करताहेत. दुसऱ्या दिवशी माधवराव पाटील ऑफिसात आले. माणूस वाईट नव्हता. शाळेची भिंत पडली तेव्हा स्वतः उभं राहून बांधून घेतली होती, उन्हाळ्यात शाळेला पाण्याचा टँकर पाठवायचा. त्यांचा नातू आदित्य पाचवीतच होता, आणि पोरगा खरंच अभ्यासू. पाटील खुर्चीत बसले आणि म्हणाले, "बाई, तालुक्यात नाव हाय या शाळेचं. शंभर टक्क्यांची शाळा हाय. तुम्ही सगळाच कळप बसवलाव तर नाव मातीत जाईल."

बाई म्हणाल्या, "अध्यक्षसाहेब, आठातले आठ पास म्हंजे शंभर टक्के. बरोबर हाय. पण राहिलेल्यांना मी कुठल्या टक्क्यात बसवू?"

"त्यांना जमणार न्हाई ओ ते. त्यांचीच फजिती."

"जमणार न्हाई असं आपण म्हणून राहिलो. त्यांना इचारलंच न्हाई कुणी अजून."

त्या पाटलांना नेहमी "अध्यक्षसाहेब" म्हणत, हे माझ्या लक्षात आलं होतं. सगळं गाव "मालक" म्हणे. एकदा जीपमध्ये त्यांनी मला सांगितलं होतं की त्यांची आई आयुष्यभर असल्या माणसांना मालक म्हणत रानात राबली. "मला त्यो शब्द म्हणायला येत न्हाई असं न्हाई. येतो. पण दातात अडकतो."

पाटील उठून गेले. जाताना म्हणाले, "बघा बाई. गाव बी बघतंय." अर्ज मात्र सगळ्यांचे भरले गेले.

पाचवीचा वर्ग माझ्याकडं होता, म्हणजे राबणं माझ्या वाट्याला. पण खरं सांगतो, त्या वर्षी मी जेवढं शिकवलं त्याहून जास्त पाहिलं. उत्तरपत्रिकेवर गोल रंगवायचे असतात. आमच्या निम्म्या पोरांनी असली उत्तरपत्रिका पाहिलेली नव्हती. बाईंनी शाळेच्या ओसरीवर खडूनं मोठमोठे गोल काढले, एका रांगेत चार-चार. घरून रांगोळी आणली. त्या प्रश्न विचारायच्या आणि पोरं पळत जाऊन आपल्या उत्तराचा गोल रांगोळीनं भरायची. रेघेबाहेर रांगोळी गेली तर बाद. आधी नुसता धिंगाणा झाला. आठवड्याभरानं ती पोरं असे गोल भरू लागली की बघत राहावं. स्वतः बाईंचं गणित यथातथाच होतं. बेरीज करताना बोटं मोजायच्या, पोरांसमोर, बिनदिक्कत. आणि त्यांचं उत्तर चुकलं की वर्ग ओरडून सांगायचा. त्या मुद्दाम चुकतात असं मला आधी वाटलं. नाही, खरंच चुकायच्या.

दिवाळी झाली आणि तांडा हलायला लागला. ऊसतोडीला जाणारे ट्रॅक्टर ओढ्याच्या पलीकडं उभे राहिले. आमच्या पाचवीतली काजल राठोड, वर्गातली सगळ्यात वाचणारी पोरगी, दोन दिवस आलीच नाही. मोठ्या बाई मला घेऊन तांड्यावर गेल्या. काजलचा बाप बोचकी बांधत होता. म्हणाला, "बाई, तुमचं खरं हाय. पण ही न्हाई आली तर धाकटीला कोण धरील? आम्ही दोघं फडात. लेकरू उसाच्या पाल्यात सोडून जमतंय का?"

धाकटी म्हणजे छकुली, तीन वर्षांची. काजलच्या कडेवर बसून आमच्याकडं टकमक बघत होती.

बाई म्हणाल्या, "मंग दोघीलाबी ठेवा."

"दोघीला? म्हातारीच्यानं होतंय का?"

काजलची आजी खाटेवर बसली होती. बाई तिच्याजवळ जाऊन बसल्या. तांड्याच्या बोलीत आईला म्हणतात तसं म्हणाल्या, "याडी, सकाळी अन् सांजच्याला तुम्ही. मधलं माझ्याकडं. शाळेशेजारी अंगणवाडी हाय. अन् तिथं न्हाई रमली तर माझी मांडी हाय."

आजीनं बाईंच्या तोंडाकडं पाहिलं. मग छकुलीला स्वतःकडं ओढून घेतलं. काजलची आई ट्रॅक्टरवर चढताना रडत होती. काजल अजिबात रडली नाही. ती छकुलीचं तोंड दुसरीकडं वळवून उभी होती, म्हणजे तिला ट्रॅक्टर जाताना दिसू नये.

छकुली अंगणवाडीत रमली नाही. पहिल्याच दिवशी तिथून निसटली आणि पाचवीच्या दारात येऊन उभी राहिली. त्या हिवाळ्यात आमच्या शाळेत आलेल्या पाहुण्यांनी जे पाहिलं ते कुठल्या अहवालात बसणारं नव्हतं. मुख्याध्यापिका कडेवर पोर घेऊन वर्ग दाखवताहेत, सही करताना पोर टेबलावर बसवताहेत, आणि पोर त्यांच्या पर्सच्या बंदाची गाठ सोडण्यात गुंग आहे. एका अधिकाऱ्यानं विचारलं, "मॅडम, हे काय?" बाई म्हणाल्या, "ही हाय म्हणून हिची बहीण वर्गात हाय."

परीक्षेच्या दिवशी आम्ही अख्खी पाचवी एसटीनं उदगीरला नेली. केंद्राच्या दारात इतर शाळांची पोरं मोटारीतून उतरत होती, पाण्याच्या बाटल्या, पट्ट्या, आईबाप मागं. आमच्या पोरांनी दशम्या रुमालात बांधून आणल्या होत्या. शिपाई म्हणाला, "ही सगळी एकाच शाळेची?" आणि त्यानं दार पुरतं उघडलं. पोरं आत गेली. बाई लिंबाखाली छकुलीला मांडीवर घेऊन बसल्या. शेजारच्या एका पालक बाईनं विचारलं, "नात का तुमची?" तर म्हणाल्या, "आमच्या शाळेची हाय." एवढ्या वेळात त्या एकदाही उठल्या नाहीत, पाणीही प्यायल्या नाहीत. मी चहा आणून दिला, तो त्यांच्या हातात गार झाला. एरवी धीट बाई, पण पहिली घंटा झाली तेव्हा त्यांचे ओठ हलत होते. काय म्हणत होत्या ते मी विचारलं नाही.

निकाल लागला. निम्म्याहून थोडी कमी पोरं पास झाली. आदित्य पाटील शिष्यवृत्तीच्या यादीत आला. खाणीवरचा नरसिंग नावाचा एक पोरगा पास झाला. वर्षभरात त्याचा आवाज आम्ही फारतर दोनदा ऐकला असेल. भीमनगरच्या दोघी आल्या, मशिदीमागच्या गल्लीतला एक आला. काजल राठोड नापास झाली. मराठीत चांगले गुण होते, गणितात थोडक्यात राहिली. मला इतकं वाईट वाटलं की मी तिच्याशी बोलायचं टाळलं. पण ती आपणहून मोठ्या बाईंकडं गेली आणि म्हणाली, "बाई, आठवीला परत असती ना ही परीक्षा?" बाई म्हणाल्या, "असती." "मंग तेव्हा गणित आधी सोडवते," म्हणून ती निघून गेली. गेल्या वर्षापर्यंत तांड्यात असली काही परीक्षा असते हेच कुणाला माहीत नव्हतं.

गावानं मात्र हे असं पाहिलं नाही. त्या वर्षी फाट्यावर फ्लेक्स लागला नाही. शंभर टक्क्यांची शाळा निम्म्याखाली आली, एवढंच पारावर चघळलं गेलं. तालुक्याच्या बैठकीत बाईंना उभं करून विचारलं गेलं. आणि जून उजाडला तसं उदगीरच्या इंग्रजी शाळेची पिवळी बस पहिल्यांदाच आमच्या गावात आली. आदित्य पाटील त्यात चढला. मागोमाग मधल्या आळीतली पाच-सहा पोरं. सप्टेंबरअखेर पटसंख्या मोजली जाते, आणि ती घटली की शिक्षकाचं एक पद जातं. सगळ्यात नवा मी. म्हणजे जाणारा कोण ते उघड होतं.

बाई तेव्हा थोड्या खचल्या. परिपाठाला त्यांचा आवाज खाली आला होता. एक दिवस बाजारात त्यांना माधवराव पाटलांची सून भेटली, आदित्यची आई, स्वाती. मी बरोबर होतो. बाईंनी विचारलं, "आदित्य बरा हाय ना?"

स्वाती म्हणाली, "बरा हाय." मग जायला निघाली, थांबली, आणि मागं वळून म्हणाली, "बाई, एक बोलू? राग येऊ देऊ नका. तुम्ही रोज सकाळी गावातल्या सगळ्या दारांत जाताव. आमच्या दारात कधी आला न्हाईत."

बाईंनी पर्सच्या बंदाची गाठ सोडली आणि पुन्हा मारली.  शाळेकडं परतताना बऱ्याच अंतरावर त्या म्हणाल्या, "खरं हाय. तिकडची पोरं आपसूक येतात, म्हणून गेले न्हाई, असं मी स्वतःला सांगत होते. पण ते खरं न्हाई शिंदे सर. असल्या दाराच्या आत आमची माय कधी गेली न्हाई. मला वाटायचं, मीबी कामून जावं."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या वळसा घेताना तांड्यानंतर मधल्या आळीत शिरल्या. मी लांबून मागं होतो. पाटलांच्या दारासमोर त्या उभ्या राहिल्या, पर्सच्या बंदाची गाठ घट्ट केली आणि हाक मारली, "स्वाती, हायेस का?" स्वाती पिठाच्या हातानं बाहेर आली आणि त्यांना थेट स्वयंपाकघरात घेऊन गेली. आत काय झालं ते बाईंनी मला नंतर सांगितलं. स्वातीनं भाकरी थापता थापता चहा टाकला. बोलता बोलता कळलं की ती डी.एड. झालेली. पाच-सहा वर्षं भरतीची वाट पाहिली, मग लग्न, मग आदित्य. डी.एड.ची सनद कपाटात.

"सर, मी पोरं गोळा करीत गावभर हिंडलालते," बाई मला म्हणाल्या, "आणि अख्खी एक मास्तरीण पाटलाच्या चुलीपुढं बसलेली!"

त्यांनी स्वातीला तिथंच विचारलं, सकाळी तासभर येशील का, पाचवीला गणित घ्यायला. पगार-बिगार काही मिळणार नाही. स्वाती म्हणाली, मामंजींना विचारते. माधवराव ओसरीवर पेपर वाचत होते, त्यांनी सगळं ऐकलं असणारच. त्यांनी पेपर खाली न करता सांगितलं, "जा म्हणावं. न्हाईतरी कुठं हाय ती नोकरी. निदान आपलं गणित तरी गंजायचं न्हाई." बाहेर पडताना बाई त्यांच्यासमोर थांबल्या, तोवर मी दारापर्यंत आलो होतो. माधवराव म्हणाले, "चहा झाला का बाई?" बाई म्हणाल्या, "झाला, माधवराव." त्या दिवशी बाईंनी त्यांना पहिल्यांदा नावानं हाक मारली. ते पाटलांच्या लक्षात आलं की नाही, कोण जाणे. माझ्या आलं.

स्वाती यायला लागली. मधल्या आळीतली दोन-तीन पोरं पिवळ्या बसमधून उतरली, ती पुन्हा आमच्याकडं आली. आदित्य नाही आला. त्याला तिकडं करमायला लागलं होतं. सप्टेंबर संपला, पट मोजला गेला, थोडी पोरं कमी पडली, आणि पद गेलंच. मला निलंगा तालुक्यातली शाळा मिळाली. उदगीरला घर, पोराची शाळा, बायकोची नोकरी, सगळं विस्कटलं. मी त्या दिवशी रागातच ऑफिसात गेलो आणि म्हणालो, "बाई, तुमच्या अख्ख्या पाचवीपायी माझी बदली झाली."

मला वाटलं त्या समजावतील, शासनाच्या नियमांवर बोट ठेवतील. त्या म्हणाल्या, "हाव. माझ्यामुळंच झाली."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण पुसलं नाही. त्यावर भांडायचं कसं? मी खुर्चीत बसलो. त्यांनी डबा उघडला, ठेचा आणि भाकरी पुढं सरकवली, आणि आम्ही दोघं जेवलो. ठेचा इतका तिखट होता की माझ्याही डोळ्यांना पाणी आलं, म्हणजे निदान तसं म्हणायला सोय झाली.

पुढचं मी फोनवर ऐकत गेलो. त्या वर्षीही सगळी पाचवी बसली, त्याच्या पुढच्या वर्षीही. पास होणारी पोरं वाढली, दोन-तीन वर्षांत चारातली तीन पास होऊ लागली. शंभर टक्के मात्र पुन्हा कधीच नाही. काजल सातवी करून आश्रमशाळेत गेली आणि तिथून आठवीची परीक्षा पास झाली; हे मला स्वातीनं फोनवर ओरडूनच सांगितलं. निलंग्याला मी माझा वर्ग अख्खा बसवला तेव्हा तिथले मुख्याध्यापक कपाळाला हात लावून बसले. पण ती वेगळी गोष्ट.

मोठ्या बाई निवृत्त झाल्या त्या दिवशी मला रजा मिळाली नाही. पुढं नांदेडला एका लग्नाला गेलो असताना सकाळी त्यांच्या घरी गेलो. मिस्टरांनी दार उघडलं. म्हणाले, "समोरच्या मैदानावर हाय. बगा जाऊन, पण जपून जा."

मैदानावर मोठ्या बाई स्कुटी शिकत होत्या. डोक्यावर भलंमोठं हेल्मेट, साडीचा पदर कमरेला खोचलेला, दोन्ही पाय जमिनीला घासत. मागं शेजारची कॉलेजात जाणारी पोरगी गाडी धरून पळत होती आणि ओरडत होती, "मावशी, पाय वर घ्या, पाय वर!" बाई ओरडत होत्या, "तू सोडू नको म्हंजे झालं!" पोरीनं कधीच सोडलं होतं.

मी हाक मारली. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, ओळखलं, तोंडभर हसल्या, आणि तेवढ्यात गाडी माझ्याच दिशेनं वळली.

"शिंदे सर, बाजूला व्हा! मला थांबवता येत न्हाई!"

मी उडी मारून बाजूला झालो. त्या माझ्या जवळून गेल्या, डुलत, पाय अजून अर्धवट खाली, आणि मैदानाच्या टोकाकडं निघाल्या.